मावशीच्या कॉम्प्युटरवर लाइन मागणारी बाई

या सदराचा मी जुना वाचक. लिहितोय मात्र पहिल्यांदाच. आणि आधीच सांगून टाकतो – इथले कितीतरी अनुभव वाचून मी हसलेलो आहे. पिंपळ, अमावस्या, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... आपला कशावरच विश्वास नव्हता. धंदाही तसाच. पेणमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास आहे, सोबत रिपेअरिंग. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं – हे क्लासमधल्या पोरांना मी अजूनही सांगतो. फक्त आता सांगताना आवाज थोडा बारीक होतो.

मी एकटाच राहतो. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यात इथे लिहिण्यासारखं काही नाही. आई गेल्यावर जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलं – रोह्याची कुसुममावशी. दर रविवारी सकाळी पेणहून गाडी पकडायची, कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचं, मावशीकडे जेवायचं, दुपारी थोडं लवंडायचं आणि संध्याकाळी परत. माझ्या आठवड्यातलं घरचं जेवण ते एवढंच.

मावशीचं वय पंचाहत्तरच्या आसपास. तब्येत काटक. तरुणपणापासून ती रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आताच्या पोरांना खोटं वाटेल, पण तेव्हा नंबर फिरवून फोन लागत नसे. फोन उचलायचा, एक्स्चेंजमधल्या बाईला सांगायचं अमुक नंबर द्या, की ती समोरच्या बोर्डात वायर खोचून लाइन जोडून द्यायची. बाहेरगावचा कॉल असेल तर बुक करून तासन्‌तास वाट बघायची. सगळ्या रोह्याला मावशीचा आवाज माहीत होता, चेहरा फार थोड्यांना. पुढे ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं, मावशी बिलाच्या खिडकीवर बसली आणि तिथूनच रिटायर झाली.

तिचा मुलगा राजू मस्कतला असतो. काका गेल्यावर मावशी कुंडलिकेच्या पुलाच्या अलीकडे एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये एकटी राहते. राजूचा कॉलेजातला डेस्कटॉप घरात होताच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला मोबाइलच्या स्क्रीनवर नातीचा चेहरा नीट दिसेना, म्हणून मी त्या डेस्कटॉपला वेबकॅम लावून दिला. शुक्रवारी राजूला सुट्टी, तेव्हा व्हिडिओ कॉल. बाकी आठवडाभर कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मावशीचा फोन आला. "नंदू, हे मशीन काहीतरी वेड्यासारखं करतंय रे."

गेलो. साधी केस होती. सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट, आणि उजव्या कोपऱ्यात एक छोटी काळी विंडो आपोआप उघडतेय. समोरच्या ब्लॉकमधल्या सुगंधाताईंनी मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवायला झेरॉक्सवाल्याकडून पेन ड्राइव्ह भरून आणला होता. म्हटलं, आला व्हायरसचा प्रसाद. फॉरमॅट मारला, सगळं नव्याने टाकलं, अँटीव्हायरस बसवला आणि मावशीला बजावलं – कोणाचाही पेन ड्राइव्ह लावायचा नाही.

पुढच्या रविवारी गेलो, तर कोपऱ्यात तीच काळी विंडो.

आता मात्र मी नीट कामाला लागलो. डिस्क पूर्ण पुसून पुन्हा इन्स्टॉल. मावशीसाठी वेगळं अकाउंट, ज्याच्यातून काही इन्स्टॉलच होणार नाही. पेन ड्राइव्हचे सगळे पोर्ट बंद. राउटर रिसेट, नवा पासवर्ड. अँटीव्हायरसही दुसरा, चांगला. क्लासमध्ये पोरांना शिकवतो तो धडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वापरला. पुढल्या रविवारी... पुन्हा तेच. स्कॅन केलं तर सगळं हिरवं. 'तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.' आणि त्या हिरव्या मेसेजशेजारी ती काळी विंडो, सावकाश उघडतेय, मिटतेय.

मी परत फॉरमॅटची तयारी करायला लागलो तशी मावशी वैतागली.

"सारखं सारखं पुसतोस कशाला? तू पुसलंस की ती बाई परत पहिल्यापासून सुरू करते. मग सगळं परत सांगायला लागतं तिला."

"कोण बाई?"

"लाइन मागते ती."

मावशी कांदा चिरत होती. मान वर न करता तिने सांगितलं – दुपारी बिल्डिंगमध्ये सामसूम झाली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, आधी खरखर येते, मग एक बाई बोलते. रोहा एक्स्चेंज का, म्हणून विचारते आणि वडखळला लाइन मागते.

"मग तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? लाइन बिझी हाय, थांब म्हणते. थांबते बिचारी."

खरं सांगू? मला मावशीचीच काळजी वाटली. एकटी राहणारी माणसं स्वतःशी बोलायला लागतात हे मला माहीत आहे. मी स्वतः घरी कुकरशी बोलतो. पण हे वेगळं होतं.

त्याच आठवड्यात मस्कतहून राजूचा फोन आला. सुगंधाताईंनी त्याला कळवलं होतं. दुपारी दारावरून जाताना त्यांना मावशीचा आवाज ऐकू यायचा, तासभर. 'गो कुसुमताई, कोनाशी बोलतेस?' म्हणून विचारलं, तर मावशीने सरळ सांगितलं, एका बाईशी.

"नंदूदादा, मला इथे झोप लागत नाही," राजू म्हणाला. "कर्जतकडे एक चांगली जागा आहे, वयस्कर लोकांसाठी. डॉक्टर असतात, सोबत असते. मी फॉर्म भरू का नको, एवढंच सांग. तू जा, बघ. तू सांगशील ते मी धरून चालतो."

म्हणजे मावशीने आपल्या घरात राहायचं की नाही हे माझ्या एका वाक्यावर आलं. मी ठरवलं, आधी कॉम्प्युटरची बाजू शंभर टक्के साफ करायची. मग जे उरेल ते मावशीच्या डोक्यातलं.

कॉम्प्युटरचा डबा उचलून पेणला आणला. जुनी हार्ड डिस्क काढून टाकली, कोरी पाकीटबंद बसवली. सगळं नव्याने टाकलं आणि क्लासमध्ये आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर चालू ठेवला. काही नाही. गुणी बाळासारखा चालला. रविवारी तो मांडीवर घेऊन गाडीने रोह्याला गेलो. मावशीकडे जोडण्याआधी राउटरची वायर काढून राउटर कपाटात ठेवला. माझा मोबाइल बंद केला, मावशीचाही. वेबकॅम – आणि माइक त्या वेबकॅममध्येच होता – काढून ड्रॉवरमध्ये टाकला. फक्त स्पीकर लावले, कारण आवाज येत नाही हे मला सिद्ध करायचं होतं. बाहेरून काही आत यायला वाटच नव्हती, हे मी लिहून देतो.

जेवलो. वालाचं बिरडं, भात. मावशी आत जाऊन आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर पेपर वाचत बसलो. बाहेर लख्ख ऊन. कुठेतरी कोणी कपडे आपटत होतं, तेही थांबलं.

कोपऱ्यात काळी विंडो उघडली.

आधी खरखर. जुन्या फोनवर पावसात तारा भिजल्या की यायची, ती. ज्यांनी ऐकलीय त्यांना कळेल. आणि मग, खूप लांबून बोलावं तसा, एका बाईचा आवाज –

"हॅलो... रोहा? रोहा एक्स्चेंज काय?"

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. अंगावर काटा वगैरे म्हणतात ना, तसं काही झालं नाही. कानात दडे बसले फक्त.

"हॅलो... बाय, हायेस का गो?"

मावशी आतून केस सारखे करत आली. मला बाजूला व्हायची खूण केली, खुर्चीवर बसली, पाठ ताठ केली. आणि माझ्या लहानपणी ऐकलेल्या त्या आवाजात म्हणाली, "रोहा. बोला."

"लागली काय लाइन, वरखलची?"

वडखळचं 'वरखल'. खाडीपट्ट्यातल्या बायका म्हणतात तसं.

"नाय अजून. बिझी हाय."

"बरा. बसतंय मी." थोडी खरखर. "जेवलीस काय?"

"जेवले. आज माझा भाचा आलाय पेणवरून. तुझं जेवण?"

"व्हईल मंग. आदी फोन लागू दे."

"घरी कोण हाय तुझ्या?"

"कोन नाय गो. तुज्या?"

"माझ्याही नाय. रविवारी असतो हा, तेवढंच."

माइक ड्रॉवरमध्ये होता. मी ड्रॉवर उघडून बघितला. होता. पण मावशी बोलत होती, आणि ती बाई तिला बरोबर उत्तरं देत होती.

त्या दोघी बोलत राहिल्या. विशेष काही नाही हो... मिठागरावर यंदा चिखल फार, गुडघे धरतात, मावशी म्हणाली माझेही धरतात, ओव्याचं तेल लाव. दोन बायका ओट्यावर बसून बोलतात तसं. मला भीती वाटत नव्हती, पण आपण ऐकू नये असं काहीतरी ऐकतोय हे पक्कं वाटत होतं. शेवटी मला राहवेना. मावशीच्या खांद्यावरून हात घालून मी काय चालू आहे ते बघितलं – काहीही नव्हतं. ती विंडो कुठल्याच प्रोग्रॅमची नव्हती. मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं.

स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. स्पीकरचा हिरवा दिवा गेला.

कपॅसिटरमध्ये क्षणभर वीज उरते, मान्य. पण दिवा गेल्यावर मी एक पूर्ण श्वास घेतला, सोडला. आणि त्यानंतर त्या बंद स्पीकरमधून हळूच आवाज आला –

"गेलीस काय गो?"

बस, एवढंच.

मावशी माझ्यावर इतकी कधी चिडली नव्हती. "मधीच तोडायचं नाय, नंदू! आम्ही कधी कोणाची लाइन मधी तोडली नाय. काय वाटलं असेल तिला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळी मोबाइल सुरू केला, तर राजूचा फोन आलाच.

"काय झालं दादा? बघितलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'काही ऐकू आलं नाही' म्हणालो असतो तर मावशी कर्जतला गेली असती. 'व्हायरस होता, काढला' म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"राजू, मीही ऐकलं."

मग तो म्हणाला, "दादा, तूसुद्धा एकटाच असतोस ना रे..." त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. किती मायेने म्हणाला! तो म्हणाला, येत्या सुट्टीत मी येतो, तोवर तू लक्ष ठेव, आणि स्वतःची काळजी घे.

मधल्या आठवड्यात मी वडखळला गेलो. मावशीला त्या बाईने सांगितलं होतं ते एवढंच – नाक्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, एका हॉटेलात तिचा भाऊ कामाला आहे आणि हॉटेलात फोन आहे. हॉटेलचं नावही तिने दिलं होतं. मी चार म्हाताऱ्या माणसांना विचारलं. हायवे रुंद करताना जुनी सगळी रांग गेली, त्यामुळे कोणी काही खात्रीने सांगेना. एका पानवाल्या काकांना हॉटेल आठवलं. म्हणाले, "व्हतं ना. कवाच गेलं. मालकही गेला. पोरं कामाला कोन व्हती त्ये कसं सांगू? यायची, जायची." भावाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्या बाईचं नाव तर आम्हालाही माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, ऑपरेटरने नाव विचारायचं नसतं.

मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती बराच वेळ नखाने टेबलावरचा डाग खरवडत राहिली.

"म्हणजे लाइन लागायचीच नाय कधी."

"नाही."

"आणि मी तिला थांब थांब म्हणतेय."

"तू तरी काय करणार?"

"सांगायला पायजे रे. कॉल लागणार नसेल तर तसं सांगायचं. उगाच ताटकळत ठेवायचं नाय." मग थोडं थांबून म्हणाली, "पण सांगितलं की ती परत कशाला येईल?"



तिने लगेच सांगितलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी समोर बसलेलो असताना त्या दोघी शेवग्याच्या शेंगांविषयी बोलल्या. त्या दिवशी मी काही बंद केलं नाही, अँटीव्हायरसला हात लावला नाही. आत जाऊन चहा ठेवला. दोनच कप ठेवले, पण क्षणभर तिसरा काढायला हात गेला होता, हे कबूल करतो.

त्याच्या पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मावशीने साडी बदलली. इस्त्रीची नेसली. ती खुर्चीत जाऊन बसली आणि वाट बघू लागली. खरखर आली.

"रोहा? लागली काय गो?"

"हे बघ बाय," मावशी म्हणाली. ऑपरेटरचा आवाज नव्हता तो, तिचा स्वतःचा होता. "मी चौकशी केली. ते हॉटेल नाय आता. तो नंबर बंद झाला. तिथं फोन उचलायला कोण नाय. लाइन लागायची नाय."

खरखर तशीच चालू राहिली. मला वाटलं, आता रडेल, ओरडेल, काहीतरी होईल. सिनेमात होतं तसं.

"खरा काय?" ती म्हणाली.

"खरं."

"कवाधरना?"

"लय वर्षं झाली."

मग ती बाई म्हणाली, "बरा झाला सांगितलास. बाकी कोनी सांगितला नाय." तिचा आवाज अगदी जवळून आला, आमच्या खोलीत बसून बोलावं तसा. "मंग ठेवतंय हां, बाय. तू पन जेवून घेत जा येलेवर."

"येत जा गो," मावशी पटकन म्हणाली. "लाइन नसली तरी..."

खट्‌ असा आवाज झाला. जुना रिसीव्हर ठेवल्यासारखा. विंडो मिटली.

ती पुन्हा उघडलीच नाही.

राजू सुट्टीत आला. आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, अजून कोणी बोलतं का? मावशी म्हणाली, नाही, आता कोण येत नाही. राजूचा चेहरा खुलला. कर्जतचा विषय संपला. जाताना त्याने मला मिठी मारली, म्हणाला, "आई बरी झाली." मावशी दारात उभी होती. तिने ऐकलं, आणि ओट्यावरचं वाळवण उचलायला वाकली.

माझ्यापुरतं मी सगळं करून बघितलंय. ती डिस्क काढून तपासली, कोरी, स्वच्छ. मुंबईत कॉम्प्युटर सिक्युरिटीचं काम करणाऱ्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एखादा रेडिओ सिग्नल स्पीकरच्या वायरने पकडला असेल. असेल. पण रेडिओ 'जेवलीस काय' असं विचारून उत्तराची वाट बघत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. माझ्याकडे उत्तर नाही. आता मी शोधतही नाही.

गेल्या महिन्यात मावशीचा क्लासच्या वेळेतच फोन आला. आवाजात इतका आनंद कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "नंदू, लवकर ये. विंडो उघडली रे, आवाज येतोय!" मी पोरांना सोडून दिलं, मिळेल त्या एसटीने वडखळ, नागोठणे, कोलाड करत रोह्याला पोचलो.

कॉम्प्युटरवर एक विंडो उघडी होती. रंगीबेरंगी. राजूच्या कॉलसाठी राउटर परत जोडलेला होता, अँटीव्हायरसची मुदत संपली होती, मी रिन्यू केला नव्हता, त्यातून जाहिरातीचा एक साधा, खरा व्हायरस आत शिरला होता. एक बाई हिंदीतून सांगत होती की तुम्ही भाग्यवान विजेते आहात, इथे क्लिक करा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मावशी खुर्चीत बसून ऐकत होती. मला बघून म्हणाली, "ही ती नव्हे."

"नाही, मावशी. थांब, दोन मिनिटांत काढून टाकतो."

मी माउसला हात लावला, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "कोणतरी बोलतंय."